तुम्ही विचारलंत म्हणून: त्या अक्षतांबद्दल

"सर, त्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या लग्नाला तुम्ही गेलात कसे? अक्षता कशा टाकल्यात?"

बालविवाहावर बोलायला कुठेही उभा राहिलो की भाषण संपल्यावर हे कुणीतरी विचारतंच. कधी नव्याने रुजू झालेली शिक्षिका, कधी अंगणवाडीताई, एकदा तर माझीच जुनी विद्यार्थिनी. आजवर "तेव्हाची परिस्थिती वेगळी होती" असं सांगून मी वेळ मारून नेली. परिस्थिती वेगळी नव्हती. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली टोळी आणि जानेवारीत वर्गातले निम्मे बाक रिकामे. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातल्या कुणाला हे समजावून सांगायला नको. मी १९८४ साली गावच्या हायस्कूलमध्ये लागलो आणि २०१८ साली तिथूनच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. २००७ साली तंटामुक्तीची मोहीम आली तेव्हा गावाने मला समितीचा अध्यक्ष केलं. बांधाची भांडणं, भावकीतले वाद मी पारावर बसून मिटवले. माझा शब्द गाव ऐकत होतं, हे मी नाकारत नाही. तुमच्या प्रश्नाला धार येते ती त्यामुळेच.

ती मुलगी नववीत होती. तिच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर बापाचा मुकादमाकडचा हिशेब असायचा. उचल किती, ऊस किती टन तोडला, फिटले किती, अंगावर राहिले किती. एकदा मी वही तपासायला घेतली तर मुकादमाने एक खेप कमी धरलेली तिने बरोबर हेरली होती आणि तिथे लाल पेनाने गोल केला होता. बापाने तो गोल मुकादमाला दाखवला की नाही, मला माहीत नाही.

एप्रिल २०१३. दुष्काळाचं वर्ष. गावाला टँकरचं पाणी, जनावरं छावणीला. तिन्हीसांजेला तिचा बाप घरी आला, चपला पायरीखाली काढून ओट्यावर टेकला. म्हणाला, "सर, दाखल्यावर तेवढं साल बदलून द्या." जनरल रजिस्टरात तिची जन्मतारीख मी स्वतःच्या हाताने लिहिली होती. पंधरा वर्षं पुरी होऊन दोनच महिने झाले होते. मी म्हणालो, रजिस्टरला हात लावणार नाही. त्याने मान डोलावली. त्याने वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं.

मग मी नेहमीचं बोललो. पोरगी हुशार आहे, तीन वर्षं थांब, दहावी तरी होऊ दे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हातारी होती तवर काळजी नव्हती. म्हातारी गेली. तुमचं शाळेचं हंगामी वसतिगृह आठवीपर्यंत. संगं न्यावं तर खोपीला दार नाही. आम्ही दोघं पहाटं तीनला उसाच्या फडात जातो. सांगा सर, कुठं ठेवू तिला? तुमच्या घरी ठेवता का?"

तुम्ही अक्षतांचं विचारता. मला आठवतो तो हा प्रश्न.

घरात एक खोली मोकळी होती. माझी मुलगी आदल्या वर्षीच पुण्याला शिकायला गेली होती. तिची कॉट, टेबल, पंखा, सगळं होतं तसं होतं. ओट्यावरून त्या खोलीची खिडकी दिसायची आणि बापाचं तोंड तिकडेच होतं. त्याने मुद्दाम तिकडे पाहिलं असं मी म्हणणार नाही. मी कपातला चहा हलवत बसलो. वयात आलेली परकी पोर घरात ठेवायची, उद्या कमी-जास्त झालं तर, लोक काय म्हणतील, एकीला ठेवली की दहा जणी येतील. हे सगळं तेवढ्यात डोक्यातून फिरलं. आणि मी म्हणालो, "बघू."

तो "बरं सर" म्हणाला, कप भिंतीकडेला ठेवला आणि गेला.

पुढे काय करता आलं असतं ते मला ठाऊक होतं. २००६ चा बालविवाहबंदीचा कायदा मीच वर्गात सांगायचो. गावात सरकारचा माणूस म्हणजे ग्रामसेवक, आणि तो समितीच्या बैठकीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. अडचणीतल्या लेकरांसाठीचा १०९८ हा मदतीचा नंबर शाळेच्या भिंतीवर मीच रंगवून घेतला होता. मी फोन केला नाही. तेव्हा मनाशी धरलेला हिशेब असा: पोलीस मांडवात आले तर त्या बापाची उचल बुडेल, सोयरीक मोडेल, आणि पुढच्या हंगामात माझ्यावर विश्वास टाकून कुणी लेकरू वसतिगृहात ठेवणार नाही. चाळीस लेकरं टोळीबरोबर जातील. एकीसाठी चाळीस?

हा हिशेब खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. लांबून बोलणाऱ्यांनी एक हंगाम इथे काढून पाहावा. पण तेव्हाच्या मला मी एवढं विचारतो: चाळिसांची एवढी काळजी होती तर एकीला खोली का दिली नाहीस? खोली दिल्याने एकही लेकरू टोळीबरोबर गेलं नसतं. याचं उत्तर तेव्हाच्या माझ्याकडे नव्हतं, आजच्या माझ्याकडेही नाही.

लग्न मे महिन्यात घरामागच्या पडीक रानात लागलं. मला पुढे बसवून फेटा बांधला. माईकवर पुकारलं, "आता आपले सर दोन शब्द आशीर्वादाचे बोलतील." मी बोललो. संसार सुखाचा करा, दोन्ही घरांचं नाव राखा. त्या मांडवात ती पंधरा वर्षांची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुठल्या तारखेला पंधराची झाली हे पाठ असलेला, घरच्यांखेरीज, मी एकटा होतो. अंतरपाटापलीकडे तिची उंची कमी पडत होती म्हणून पायाखाली एकावर एक दोन पाट ठेवले होते. मंगलाष्टकं सुरू झाली. कुंकवात रंगवलेली ज्वारी मुठीत होती. घामाने रंग तळव्याला लागला. प्रत्येक "सावधान"ला मी टाकली.

रजिस्टरात खोटी तारीख लिहिली नाही याचा मला अभिमान होता. लग्नाच्या आदल्या रात्रीपर्यंत होता.

त्या दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर फडात गेली. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात; त्याचा अर्धा कोयता पुरा झाला. त्याच हंगामात मी ती खोली उघडली. नववीच्या दोघी, पुढच्या वर्षी तिघी. जेवण आमच्यात, अंथरूण त्यांचं. लोक काय म्हणतील याची भीती होती, पण फारसं कुणी काही म्हणालंच नाही, आणि जे म्हणाले ते दोन-चार महिन्यांत विसरले. पहिल्या दोघींची अंथरुणं घालताना बायको म्हणाली, "तेव्हा मला विचारलं असतंत तर मी हो म्हणाले असते." मी तिला विचारलंच नव्हतं. ती आत भाकरी थापत होती आणि तिला ओट्यावरचं सगळं ऐकू येत होतं.

काही जण हे ऐकून म्हणतात, सर, तुम्ही भरून काढलंत. कृपा करून असं म्हणू नका. त्या मुलींपैकी दोघी नर्स झाल्या, याचा मला आनंद आहे. त्या आनंदातून हिच्या खात्यावर काही जमा होत नाही. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात २० ते २४ वयाच्या १०० जणींपैकी सुमारे २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आमच्या बीड जिल्ह्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली, ती चांगलीच आहे. तरी "कुठं ठेवू" म्हणत अजून माणसं ओट्यावर येतात.

दोन वर्षांमागे ती येऊन गेली. शाळेतून उतारा हवा होता, आधारवर जन्मतारीख चुकली होती. बरोबर नऊ वर्षांची लेक. जेवून झाल्यावर मुलींच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आता तिथे तीन कॉट आहेत.

"सर, ही खोली तवाबी होती का?"

मी "होती" म्हणालो.

ती बराच वेळ आत पाहत राहिली. मग ओट्यावर जाऊन बायकोशेजारी शेंगा निवडायला बसली.