गाभोळीची चिवणी

जून लागला की आमच्या खारेपाटात, रायगडच्या खाडीकाठच्या पट्ट्यात, एकच चौकशी : "चिवणी आली काय गो?" समुद्रातल्या बोटी बंद, पापलेट-सुरमई बर्फातली. अशा दिवसांत भाव खाते ती ही खाडीतली मासळी, चिवणीच. मटणाला मागे टाकेल असा दर असतो आणि तरी टोपली रिकामी होते.

पुस्तकात ही मिस्टस गुलिओ. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात तिची नोंद केली. बंगालात तिला नोना टेंगरा म्हणतात. गोडं पाणी चालतं, मचूळही चालतं. पावसाने खाडीचं पाणी गोडावलं की ती अंड्यांनी, म्हणजे गाभोळीने, भरते आणि ओहोळ, उघाड्यांमधून (बांधातल्या पाण्याच्या दारांतून) वर सरकते.

अंगावर खवले नाहीत, नुसता बुळबुळीत चिकटा. तोंडाला मिशांच्या चार जोड्या. पाठीवर एक नि कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना एकेक काटा. करवतीसारखे दाते असलेला आणि एकदा ताठ झाला की मिटत नाही असा. लागला तर हात ठणकतो. आई आधी पकडीने काटे मोडते, मग राख लावून खसाखसा चोळते. पोट चिरताना गाभोळीला सुरी लागू द्यायची नाही, ती अख्खी कालवणात पडली पाहिजे. चिंच, लसूण, आगरी मसाला, बास. यात टोमॅटो घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, जेवायला मात्र जात नाही.

"पूर्वीसारखी चिवणी राहिली नाही," असं जो तो म्हणतो आणि खापर पाग (फेकायचं जाळं) टाकणाऱ्या पोरांवर फोडतो. मला ते अर्धंच पटतं. समुद्रात बंदी असते ती माशांच्या विणीसाठी, आणि त्याच दिवसांत आपण गाभोळीवाली शोधून घेतो, हे खरंच. श्रावण पाळून उपयोग नाही, आषाढातच भरपूर खाऊन झालेली असते. पण शेतांवर भराव पडले, ओहोळांची गटारं झाली, तर वाचलेली चिवणी वर चढणार कुठून?

पश्चिम बंगालमधल्या काकद्वीपच्या सरकारी संशोधन केंद्रात हिची पिल्लं हॅचरीत तयार करून दाखवली आहेत. आमच्याकडे घरटी जिताड्याचं तळं; चिवणीचं बी कुणी का आणत नाही? फक्त तळं वेगळं ठेवा. जिताडा शिकारी मासा, एकही चिवणी शिल्लक ठेवायचा नाही.