मेळघाटात ओटीपी: व्हर्च्युअल नंबरच्या भानगडीत पडू नका

परतवाडा, घटांग, सेमाडोह, हरिसाल, धारणी. दुचाकीवर चार दिवस. घाट छान, कोलकास छान, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी फक्त ओटीपीवर लिहितोय, कारण डोकं अजून तापलेलं आहे.

निघताना परतवाड्यात एका मोबाइलवाल्याने पटवलं, "पुढं टावर नाही भेटत भाऊ. हा व्हर्च्युअल नंबर घ्या, मेसेज नेटवर येते. वायफाय भेटलं का झालं." आठवड्याचे ४५० रुपये. दिले.

सेमाडोहच्या पुढे आतल्या एका गावात मुक्काम होता. घरमालकाकडे वायफाय होतं, सिमकार्डाला मात्र रेंजची एक दांडी नाही. गावामागच्या टेकडीवर एका सागाला खिळा ठोकलेला, त्याला प्लास्टिकच्या पिशव्या टांगलेल्या, आणि पिशव्यांत गावकऱ्यांचे फोन. मेसेज तिथेच पडतात. नेट मात्र खाली घरात. ओटीपी काही मिनिटांत मरतो आणि उतरायला माझी पंधरा मिनिटं गेली. दोनदा चढलो, दोनदा उतरलो. गुडघ्यांनी शिव्या दिल्या.

मग काढला व्हर्च्युअल नंबर. पहिला धक्का यूपीआयचा. फोन नवा असल्याने ॲप पुन्हा नोंदणी मागत होतं, आणि त्यासाठी फोनमधल्या सिमवरूनच बँकेला मेसेज जावा लागतो. व्हर्च्युअल नंबरला सिमच नाही, मेसेज पाठवणार कोण? कार्डाचा ओटीपीही बँकेत नोंदवलेल्या नंबरावरच जातो, तो टेकडीवर. एका बुकिंग ॲपने नंबर बघताच नाकारला. एका मेसेजिंग ॲपने घेतला, म्हणून खूश झालो, तर सकाळी लॉगआउट! तोच नंबर आणखी कुणाला दिलेला. इनबॉक्स उघडला तर तिघा अनोळखी लोकांचे कोड माझ्यासमोर, म्हणजे माझे त्यांच्यासमोर. अंगावर काटा आला.

४५० पाण्यात. मोबाइलवाला फोन उचलत नाही.

सुटका केली घरमालकाच्या पुतण्याने. सेटिंगमध्ये जाऊन त्याने वायफाय कॉलिंग (टावरऐवजी वायफायवरून सिमचे कॉल-मेसेज चालवणारी सोय) सुरू केलं आणि माझ्या खऱ्या सिमवर अडकलेले सात मेसेज धडाधड पडले. यूपीआयची नोंदणीही त्यावरच झाली. फुकट! रात्रीचे दहा वाजले होते, मी अंगणात नाचलो. झुणका-भाकर काय लागली म्हणता!

तर तुम्ही जाणार असाल तर घरीच तपासा: वायफाय कॉलिंग सुरू करा, फ्लाइट मोड लावा, वायफाय चालू ठेवा, कुणाला तरी साधा एसएमएस (व्हॉट्सॲप नव्हे) टाकायला सांगा. आला तर तुमच्या सिमवर सोय आहे. नाही आला तर बँकेत दिलेला तोच नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून बघा, नव्या नंबरावर बँकेचा ओटीपी येणार नाही. निघण्याआधी फोन बदलू नका, मी तेच केलं. ईमेलसारख्या खात्यांना ऑथेंटिकेटर ॲप लावा, त्याचे कोड रेंज नसतानाही फोनमध्येच तयार होतात. बँकेचं काम मात्र त्याने होत नाही.

आणि नगद ठेवा, शंभराच्या नोटांत. घरमालक हसून म्हणाले, "पैसे घरी पोचल्यावर टाका ना भाऊ, पळून कुठं जाता?" मला लाज वाटली, कारण खिशात सहाशेच होते.

परतीला पुन्हा परतवाड्यावरूनच जायचंय. त्या दुकानापुढे गाडी लावणार आहे.