कास्त्री ते देल्फी: १९०७ ची ओळ सापडली, पण आलेख तुटला

ग्रीसमधल्या देल्फी गावाच्या (जुनं नाव कास्त्री) लोकसंख्येचा आलेख जनगणनांच्या जुन्या खंडांवरून काढतोय. त्यातली १९०७ ची ओळ सापडली एकदाची! फ्थिओतिदा-फोकिदा जिल्ह्याची पानं चाळून डोळे गेले, आणि कास्त्री निघालं नुसत्या फोकिदाखाली. १८९९ मध्ये ग्रीसनं मोठे जिल्हे फोडले, १९०९ मध्ये पुन्हा जोडले, आणि १९०७ ची जनगणना नेमकी त्या दहा वर्षांत पडली. १८८९ आणि १८९६ एकत्र जिल्ह्यात, १९०७ वेगळ्यात. तुमच्या गावाचीही १९०७ गायब असेल तर आधी हे तपासा. नावावरून शोधायला जाऊ नका: कास्त्री आर्केडियात आहे, थेस्प्रोतियात आहे, आणि एर्मिओनीलाही पूर्वी कास्त्रीच म्हणत.

स्कॅनमधली छापील अक्षरं ओळखणारी संगणक प्रणाली जुन्या ग्रीक छपाईपुढे हात टेकते. अक्षरांवरच्या त्या श्वासचिन्हांचे ती ठिपके करते. मी आता आकडे हातानंच उतरवतो. ग्रीक सांख्यिकी संस्थेचे जुने खंड स्कॅन करून फुकट ठेवलेत, हे मात्र मोठं पुण्याचं काम.

खरी डोकेदुखी आता सुरू होते. १८८९ आणि १८९६ च्या ओळी एकाच गावाच्या धरायच्या का? जुनं कास्त्री अपोलोच्या देवळाच्या अवशेषांवरच वसलं होतं. ग्रीक मनुक्यांवरच्या फ्रेंच जकातीची घासाघीस होत होत १८९१ मध्ये फ्रान्सशी उत्खननाचा करार झाला, घरं ताब्यात घेतली आणि गाव पश्चिमेला थोडं पुढे हलवलं. ऑक्टोबर १८९२ मध्ये फ्रेंच उत्खननप्रमुख तेओफील ओमोलच्या माणसांनी कुदळ मारली, तेव्हा नुकसानभरपाईसाठी गावकरी आडवे आले; सैनिक बोलवावे लागले. मग छोट्या रुळांवरच्या डब्यांतून ढिगारा उपसायला लागले. रथाच्या सारथ्याचा प्रसिद्ध कांस्य पुतळा सापडला तो १८९६ मध्ये, म्हणजे जनगणनेच्याच वर्षी. माणसं तीच, गावठाण नवं. जनगणनेच्या तक्त्याला जागेशी देणंघेणं नसतं, त्याला नाव पुरतं.

म्हणून एक सलग रेघ काढायचा बेत रद्द. १८९२ ला रेघ तोडतो.

दुसरी तोड २०११ ला. १९९७ च्या कापोदिस्त्रियास या पालिका जोडणाऱ्या कायद्यानं देल्फी आणि शेजारचं ख्रिस्सो एका नगरपालिकेत आलं, तोवर ठीक. २०१० च्या तशाच कालिक्रातिस कायद्यानं आठ पालिका एकत्र करून तिला देल्फी नाव दिलं, कारभार मात्र अम्फिसा या दुसऱ्या गावातून! २०११ चा २६ हजारांवरचा आकडा त्या अख्ख्या पालिकेचा आहे. तो गावाच्या नावावर टाकून ‘देल्फीची भरभराट’ असे आलेख काढणारे बहाद्दर भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार. शिवाय २००१ पर्यंतचे आकडेही जपून घ्या. गणतीच्या दिवशी अथेन्समधली मंडळी खास गावी येऊन नाव नोंदवायची, कारण सरकारी निधी डोक्यांवर ठरायचा.

हे लिहिता लिहिता सुचलं: ख्रिस्सो हललंच नाही! त्याची रेघ शेजारी काढली, तर १८८९ ते १९०७ मधला कुठला चढउतार स्थलांतराचा आणि कुठला साऱ्या परिसराचा, याचा अंदाज येईल. अराखोवाही घेतलं असतं, पण ते शेजारच्या विओतिया जिल्ह्यात. तिथले जिल्हे पुन्हा वेगळे उकरावे लागतील. आधी ख्रिस्सो. १८७९ चा खंड उघडलाय, पण फ्थिओतिदा-फोकिदाच्या पानाची कड शिवणीत गेलीये आणि बायकांचा रकाना अर्धाच दिसतोय. कुणाकडे बरी प्रत असेल तर कळवा.