सायनोटाइप, एप्रिल-मे नोंद : ऊन मुबलक, अडतं ते ओलाव्यावर

सायनोटाइप म्हणजे लोहक्षारांचं द्रावण लावलेल्या कागदावर उन्हाने निळी प्रतिमा उमटवण्याची पद्धत. सध्याचं काम : देवनागरी अक्षरांची ए-४ मालिका, निळ्यावर पांढरी अक्षरं, ३०० जीएसएमचा कॉटन कागद, पुण्यातली गच्ची. एक्स्पोजरच्या (कागदाला ऊन दाखवण्याच्या) वेळा आता स्थिरावल्या आहेत, त्यामुळे त्या थोडक्यात आटोपतो. खरा भर कागदातल्या ओलाव्यावर आहे. उन्हाळ्यात प्रिंट बिघडली की सगळे घड्याळाकडे बघतात. एप्रिलमधल्या कोरड्या पुणेरी दुपारी दोष बहुतेकदा वेळेचा नसतो, कागद पापडासारखा वाळलेला असतो.

द्रावणं जुनीच, जॉन हर्शेलच्या १८४२च्या पद्धतीची. 'अ' बाटलीत हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम, 'ब' बाटलीत पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम, दोन्हींत डिस्टिल्ड पाणी घालून प्रत्येकी १०० मिली. बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड पाणी चालतं. लेबल वाचून घ्या, शेजारच्या कॅनमध्ये अ‍ॅसिड असू शकतं. ब्रशने ए-४ला साधारण ३ मिली मिश्रण लागतं, म्हणजे या २०० मिलीत साठाच्या वर कागद होतात. मिश्रण समप्रमाणात आणि त्या रात्रीपुरतंच करायचं. वेगवेगळ्या तपकिरी बाटल्यांत दोन्ही द्रावणं बरेच महिने टिकतात, पण उन्हाळ्यात 'अ'वर बुरशीची साय लवकर धरते. त्यावर थायमॉलचा एखादा खडा टाकतात. थायमॉल म्हणजे आपलं ओव्याचं सत्त्व, काष्ठौषधींच्या दुकानात सहज मिळतं. बुरशी आलीच तर द्रावण फेकू नका, कॉफीच्या फिल्टरमधून गाळून वापरा. फेरीसायनाइड आणि तीव्र अ‍ॅसिड यांची गाठ मात्र कधीही पडू द्यायची नाही, त्यातून विषारी वायू निघू शकतो. लिंबूफुलासारखं सौम्य आम्ल, तेही धुण्याच्या पाण्यात, चालतं. मोजमापाची भांडी स्वयंपाकघरात परत जात नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

नोकरी करणाऱ्या डिझायनरला हा छंद झेपतो तो कामाचे तुकडे पाडता येतात म्हणून. मे महिन्यात प्रवेशाची माहितीपत्रकं, वार्षिक अहवाल आणि पावसाळी सेलची पोस्टरं एकदमच अंगावर येतात. सलग चार तास मिळणं अवघड. कोटिंग रात्री करावं. पिवळ्या बल्बखाली ते निर्धास्त करता येतं. घरून काम असेल त्या दिवशी एक्स्पोजर आणि धुणं जेवणाच्या सुट्टीत बसतं. या दोन्हींमध्ये मात्र खंड नको. उन्हातून काढलेला कागद अंधारात ठेवला तरी प्रक्रिया हळूहळू चालूच राहते आणि पांढरे भाग मळकट होतात. उन्हातून काढला की पाण्यात.

आता ओलावा. ऊन पडल्यावर तीन संयुजेचं लोह दोन संयुजेचं होतं, त्याची फेरीसायनाइडशी गाठ पडते आणि प्रशियन निळा तयार होतो. कागद अगदी कोरडा असेल तर ही गाठ नीट पडत नाही. निळा बसतो, पण वरवर. धुताना ट्रेमधलं पाणी निळं होतं आणि प्रिंट फिकी निघते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता पार खाली जाते. रात्री कोट केलेला कागद दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसाच ठेवला की तोही तेवढाच कोरडा होतो. मुंबईकरांची अडचण बरोबर उलटी : तिथे कोट केलेला कागद रात्रभर ओलसर राहतो, सकाळी पिवळट-हिरव्याऐवजी निळसर दिसतो, म्हणजे ऊन बघण्याआधीच धुकटलेला असतो. त्यांनी रात्री कोट करून पहाटेची वाट बघू नये. कोट करावं, वाळवावं आणि काळ्या पिशवीत सिलिका जेलसोबत बंद करावं.

पुण्यासाठी दोन बदल केले की फरक लगेच दिसतो. पहिला कोटिंगच्या वेळी. ब्रश फिरवून झाला की पंखा लगेच लावू नका. कागद आडवा ठेवून पाच ते दहा मिनिटं द्रावण मुरू द्या, पाण्याची चमक गेली की मग पंखा. लगेच पंखा लावला तर द्रावण पृष्ठभागावरच सुकतं आणि धुताना तिथूनच निघून जातं. उष्ण खोलीत दुसरी अडचण म्हणजे ब्रशच्या पट्ट्या : पहिली ओढ सुकते तोवर दुसरी तिच्यावर चढते. आडवी आणि उभी मिळून सगळी ओढ एका मिनिटात संपवा. ब्रश मऊ हाके (रुंद, चपटा जपानी ब्रश) किंवा फोमचा घ्या. धातूची पट्टी असलेला ब्रश वापरला की लोखंडाचे कण द्रावणात उतरतात आणि निळे ठिपके उमटतात. कडक साइझिंगच्या (शोषण कमी करणाऱ्या खळीच्या) कागदावर द्रावण थेंबाथेंबाने गोळा होत असेल तर १० मिली मिश्रणात ट्वीन २०च्या (द्रावण पसरायला मदत करणाऱ्या साबणासारख्या रसायनाच्या) पातळ द्रावणाचा एक थेंब पुरतो.

दुसरा बदल एक्स्पोजरच्या आधी. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात तळाशी ओला नॅपकिन, त्यावर जाळी, जाळीवर कागद; कोटिंगची बाजू वर आणि नॅपकिनचा स्पर्श कुठेही नाही. दहा-पंधरा मिनिटं अंधारात ठेवा. डब्यात छोटा हायग्रोमीटर ठेवून आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास आली की काढा. हाताला कागद थंड आणि किंचित लवचीक लागला पाहिजे, ओला नव्हे.

ओलावा आणला की त्याची पुढची कटकटही येते. गच्चीवर फ्रेम तापली की कागदातली वाफ काचेकडे धावते, थेंब जमतात आणि इंकजेट निगेटिव्हची (कागदावर ठेवायच्या, पारदर्शक फिल्मवर छापलेल्या प्रतिमेची) शाई प्रिंटवर उतरते. कागद आणि निगेटिव्हच्या मध्ये पातळ मायलर (पारदर्शक पॉलिस्टर फिल्म) घालण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. फोटोला तो ठीक आहे, पण अक्षरांची धार त्यात जाते. त्यापेक्षा कागदाच्या मागे टीपकागद ठेवा, म्हणजे बरीचशी वाफ मागच्या मागे शोषली जाते. फ्रेम तापलेल्या फरशीवर ठेवू नका, खाली थर्माकोलचा तुकडा टाका. ऊन दाखवायच्या क्षणापर्यंत ती सावलीत असू द्या.

फ्रेमला ४ मिमीची साधी काच, मागे ६ मिमी प्लाय, कडेने मजबूत क्लिपा. साध्या काचेतून आपल्याला हवा तो ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश बऱ्यापैकी जातो. लॅमिनेटेड काच आणि युव्ही रोखणारं अ‍ॅक्रिलिक तोच अडवतात, तेव्हा जुन्या फोटोफ्रेमची काच घेण्याआधी ती कसली आहे ते बघा.

पुण्यात मे महिन्यात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास. १३ मेच्या आसपास इथे शून्य सावली दिवस असतो, आणि अक्षरं छापणाऱ्यांसाठी त्याच्या आगेमागचे दिवस सोन्यासारखे. आडव्या फ्रेमवर किरण सरळ पडतात, निगेटिव्हच्या काठाखाली एका बाजूने सरकत नाहीत. साडेनऊचं तिरकं ऊन वापरायचं असेल तर फ्रेम सूर्याकडे कलती ठेवा, नाहीतर शिरोरेषेची एक कड मऊ येते. निरभ्र दुपारी फिल्मच्या निगेटिव्हला साधारण ६ ते ९ मिनिटं लागतात, झाडाच्या पानांच्या फोटोग्रामला (निगेटिव्हशिवाय, पानं थेट कागदावर ठेवून काढलेल्या प्रिंटला) ४ ते ६. आपला आकडा पुठ्ठा सरकवत दोन-दोन मिनिटांच्या पट्टीने काढा. कागद बदलला की पट्टी नव्याने. दुपारी वळिवाचे ढग जमू लागले की घड्याळ सोडा आणि रंग बघा. उघडा भाग पिवळट-हिरव्यातून निळ्यात जातो आणि मग राखाडी, किंचित कांस्यासारखा होतो. तिथे थांबायचं. निळा दिसताक्षणी काढलेली प्रिंट धुतल्यावर हमखास फिकी निघते.

निगेटिव्ह आरशासारखी उलटी छापा आणि शाईची बाजू कागदाला लावा. उलट लावली तर फिल्मच्या जाडीएवढा प्रकाश आत घुसतो. पांढरी अक्षरं हवी असतील तर या घुसखोरीने ती बारीक होतात, म्हणून फाइलमध्ये बाह्यरेषा ०.१ मिमीने बाहेर वाढवून ठेवा. पांढऱ्यावर निळी अक्षरं असतील तर उलट : ती फुगतात, 'क्ष', 'ष', 'द्ध'च्या आतल्या मोकळ्या जागा बुजू लागतात, तिथे तेवढंच आत घ्या. खरखरीत कागदावर १ मिमीपेक्षा लहान अनुस्वार दाण्यात हरवतो, तो थोडा वाढवलेलाच बरा. इंकजेटचा काळा डोळ्याला गडद दिसला तरी युव्हीला पुरेसा अपारदर्शक नसतो. दोन फिल्मा अचूक जुळवून चिकटवा, नाहीतर स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांसाठी जिथे फिल्म निघते तिथून काढून आणा. फक्त रेषाकाम असेल तर तीच सर्वांत चांगली. छायाचित्रांसाठी तिचा उपयोग नाही, तिथे इंकजेट आणि नीट बेतलेला कर्व्ह (फाइलमधल्या छटा प्रिंटला जुळवणारी दुरुस्ती).

पाणीकपातीच्या दिवसांत नळाखाली धुणं परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. तीन ट्रे, प्रत्येकी दीड लिटर. पहिल्यात लिटरला २ ते ३ ग्रॅम लिंबूफूल घालून दोन मिनिटं, मग साध्या पाण्यात पाच, शेवटच्यात आणखी पाच. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड आणि अल्कलीकडे झुकणारं असतं; प्रशियन निळ्याला अल्कली सोसत नाही आणि हलक्या छटा सगळ्यात आधी जातात. पहिला ट्रे आम्लाचा ठेवायचा तो यासाठीच. पांढऱ्या भागातला पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवा, राहिला तर तिथे पुढे निळसर डाग धरतो. तासभर भिजत ठेवलं तर निळाच सुटायला लागतो. खरा गडद रंग वाळल्यावर दिवसभरात येतो. घाई असेल तर शेवटच्या ट्रेमध्ये लिटरला १० मिली, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड घाला, रंग डोळ्यांदेखत चढतो. त्याने प्रिंट आणखी गडद होत नाही, फक्त लवकर कळते.

कागदातही हीच अल्कली लपलेली असते. 'अ‍ॅसिड-फ्री' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कागदांत खडूची भुकटी असते, त्यावर निळा टिकत नाही. कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाका, बुडबुडे आले तर तो कागद चित्रकलेला ठेवा. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत मिळतो तसला सुती हातकागद पोताला सुंदर असतो, मात्र द्रावण जास्त पितो. आधी एका तुकड्यावर किती मिली लागतं ते बघा आणि ओला असताना जाळीवर ठेवूनच उचला.

कापडावर छापणाऱ्यांनी नव्या सुती कापडाची खळ आधी पूर्ण काढावी आणि छापलेलं कापड रिठ्याच्या पाण्यात धुवावं. सोडा असलेली पावडर निळा पिवळट करून टाकते. फरशीवरचे निळे डाग मात्र त्याच धुण्याच्या सोड्याने निघतात.

पावसाळ्याआधी उरलेलं : हातकागदासाठी २१ पायऱ्यांच्या वेजवर (फिकट ते गडद छटांच्या पट्टीवर) नवा कर्व्ह, आणि ३६५ नॅनोमीटरच्या ट्यूबांची पेटी. जुलैअखेर पुण्यात पुन्हा शून्य सावली येते, पण तेव्हा आकाश बहुतेक झाकलेलं असतं. पेटीत ट्यूब आणि काचेत १० सेंटिमीटरच्या आसपास अंतर धरलं आहे. त्याहून जवळ नेलं की ट्यूबांचे पट्टे प्रिंटवर दिसतात.