वॉरंटी क्लेम: आधी एअर क्लीनर बघा

यवतमाळ-वाशीमकडे सोयाबीनची मळणी लागली की ‘ट्रॅक्टर ऑइल खातोय’ अशा तक्रारी वाढतात. सर्व्हिस इंजिनिअरने मेकॅनिकला आधी एअर क्लीनर उघडायला सांगावं. ऑइल बाथच्या (हवेतली धूळ तेलात पकडणाऱ्या क्लीनरच्या) वाटीत तेलाचा चिखल झालेला असतो, नाहीतर होजचा क्लॅम्प ढिला असतो. क्लीनरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या होजमध्ये आतून बोट फिरवा. माती लागली, तर धूळ इंजिनात जाऊन पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) घासले, म्हणून ऑइल जळतंय समजा. हा देखभालीचा दोष धरून असा क्लेम बहुधा नामंजूर होतो. शेतकऱ्याला ती माती दाखवून त्याच दिवशी सांगा. ऐन हंगामात महिनाभर झुलवणं अन्याय आहे.

खोलण्याआधी तासमीटर, चेसिस आणि इंजिन नंबरचे फोटो घ्या. काढलेला पार्ट धुवू नका, टॅग लावून ठेवा. पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांची. तिचं जॉबकार्ड (केलेल्या कामाची नोंद) क्लेमला जोडाच.