बोर्ड वर धरा!

फिलिपिन्समध्ये ३१ डिसेंबर १८४४ या दिवशी काय घडलं?

तिथल्या आमच्या शाळेच्या क्विझ बीतला, म्हणजे प्रश्नमंजुषेच्या स्पर्धेतला, हा प्रश्न माझा. त्याचा अभिमान मला अजून आहे, लपवत नाही. उत्तर असं की काहीच घडलं नाही, कारण तो दिवस तिथे उगवलाच नाही. स्पेनची सत्ता मेक्सिकोच्या वाटेने आलेली, मनिलाची गलबतं अडीचशे वर्षं अकापुल्कोला जा-ये करायची, त्यामुळे तारीखही तिकडचीच चालायची, आशियातल्या शेजाऱ्यांच्या एक दिवस मागे. शेवटी १८४४ साली हा घोळ निस्तरायचं ठरलं. सोमवारी ३० डिसेंबरला लोक झोपले आणि उठले ते बुधवारी, १ जानेवारी १८४५ ला. हा प्रश्न आला तेव्हा पाच संघांनी कोरे फळे वर धरले आणि एका चिमुरडीने लिहिलं, ‘रिझाल’. काही सुचलं नाही की रिझाल लिहायचं, हा तिथल्या मुलांचा खात्रीचा मार्ग. आमच्याकडे अडलेली मुलं ‘शिवाजी महाराज’ लिहितात तसा. शिवाय या राष्ट्रनायकाचं, होसे रिझालचं जन्मगाव कलांबा आमच्या शेजारीच, त्यामुळे त्याच्यावरचे तीन-चार प्रश्न ठरलेले असत.

लॉस बान्योस हे गाव लगुना प्रांतात, माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी. इथे १९६० पासून आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. नवऱ्याची नोकरी तिथली, म्हणून सांगली सोडून आम्ही तिकडे चौदा वर्षं काढली. मुलगी गावातल्याच शाळेत जायची. शाळेची क्विझ बी दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. ऑगस्ट हा तिथला भाषेचा महिना, ‘बुवान नांग विका’. राष्ट्रभाषेचा पाया घालणारे राष्ट्राध्यक्ष केसोन यांचा जन्म १९ ऑगस्टचा, म्हणून तो महिना. आणि ऑगस्ट म्हणजे धो धो पाऊस. पत्र्याच्या छताच्या बास्केटबॉल कोर्टवर कार्यक्रम चालायचा, सर आली की माइक असूनही प्रश्न दोनदा ओरडून सांगावा लागायचा.

पहिल्या वर्षी मी प्रेक्षकांत बसले. दुसऱ्या वर्षी ग्रंथपालबाई आल्या नि म्हणाल्या, “मॅम, तुम्ही इंडियन, म्हणजे गणित पक्कं असणार. टॅब्युलेटर व्हाल?” मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. पण देशाची अब्रू होती, हो म्हटलं. ती गुणपत्रकं पुढे बारा वर्षं माझ्याकडे राहिली.

सुरुवातीचं सगळं नेहमीचंच. प्रार्थना, लुपांग हिनिरांग हे राष्ट्रगीत, स्वागत, परीक्षकांची ओळख, पाहुण्यांचं भाषण, मग मुलींचा नाच. यात तास जायचा. खरी मजा नंतर. ईझी फेरीला एक गुण, ॲव्हरेजला तीन, डिफिकल्टला पाच. काळा रंग दिलेले प्लायवूडचे छोटे फळे, खडू, आणि वेळ संपली की निवेदक सरांची ती आरोळी, “बोर्ड वर धरा!”

ईझी फेरीतसुद्धा मुलं हमखास एका ठिकाणी घसरत. देश स्वतंत्र कधी झाला? अमेरिकेने सत्ता सोडली ४ जुलै १९४६ ला, पण कवित नावाच्या गावात क्रांतीचा नेता आगिनाल्दोने स्पेनपासून स्वातंत्र्य पुकारलं ते १२ जून १८९८ ला. १९६२ पासून स्वातंत्र्यदिन १२ जूनलाच. प्रश्न जरा हलगर्जीपणे लिहिला की दोन्ही बाजूंचे वर्गशिक्षक उभे!

पण एका वर्षीचं भांडण मला सगळ्यांत प्रिय आहे. प्रश्न होता, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणाऱ्या पहिल्या मोहिमेचं जहाज परत नेणारा कप्तान कोण. मॅगेलन नाही, तो तर २७ एप्रिल १५२१ ला मक्तान बेटावर तिथला सरदार लापुलापुच्या लोकांशी लढताना मेला. उत्तर एल्कानो. ‘व्हिक्टोरिया’ घेऊन १५२२ च्या सप्टेंबरात स्पेनला पोचला तेव्हा बरोबर धरून अठराच जण उरलेले. आठवीतला एक पोरगा उभा राहिला. त्याच्या फळ्यावर ‘एन्रिके’. हा मॅगेलनचा मलाक्कातला गुलाम, मोहिमेचा दुभाषा. पोराचं म्हणणं असं की एन्रिके मलाक्काहून युरोपात गेला आणि तिथून पश्चिमेकडे निघून आमच्या बेटांवर आला, आमच्यापैकी काहींशी त्याला बोलता आलं, म्हणजे तो घरी पोचलाच ना? मग पहिला तोच. परीक्षकांनी वीस मिनिटं खल केला. एन्रिकेचा माग १५२१ मध्ये सेबूला तुटतो, तो मूळचा कुठला याचा पुरावा नाही, आणि प्रश्न कप्तानाचा होता. गुण मिळाला नाही. टाळ्या मात्र त्या दिवसातल्या सर्वांत मोठ्या मिळाल्या. मी गुणपत्रकाच्या कडेला पेन्सिलीने त्याच्यासाठी एक गुण मांडून ठेवला, बेरजेत न धरता.

टाळ्या मोठ्या म्हणते, पण वाजवणारे किती? हे माझं जुनं दुखणं. नाचाच्या स्पर्धेला कोर्ट ओसंडून वाहायचं, आया चार चार फोन घेऊन उभ्या. क्विझ बीला पहिल्या तीन रांगा रिकाम्या, आणि पाहुणे तर भाषण झालं की ‘दुसरा कार्यक्रम आहे’ म्हणून गाडीत बसलेले. आमच्या भारतीय मंडळींनाही दरवर्षी आमंत्रण द्यायचे. एकदा एक गृहस्थ म्हणाले, “वहिनी, यांचा इतिहास आपल्याला काय करायचाय?” मी त्यांना कैंता गावाचं सांगितलं. १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिला घेतली तेव्हा मद्रासहून शिपाई आणले होते. इंग्रज १७६४ मध्ये गेले, त्यातले काही शिपाई कैंतालाच राहिले, लग्नं केली, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. ते गृहस्थ ‘हो का!’ म्हणाले. पण आले नाहीत ते नाहीतच.

माझ्या मुलीचा संघ एका वर्षी बरोबरीत आला. बरोबरी फोडायला लिफाफ्यातून क्लिंचर काढतात. निवेदकांनी वाचायला सुरुवात केली, “१९५८ साली मॅगसेसे पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तेव्हा कोणत्या भारतीयाला...” प्रश्न मीच लिहिलेला. मॅगसेसे यांचा जन्मदिवस ३१ ऑगस्ट, पुरस्कार तेव्हा त्याच दिवशी देत, म्हणून आठवडा साधून घातला होता. विनोबांचं नाव आमच्या घरात पोरीने दहा वेळा तरी ऐकलेलं. मी टेबलावरून उठून प्रश्न रद्द करायला लावला. बदली प्रश्न आला की फिलिपिन्सचे मुत्सद्दी कार्लोस रोमुलो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष कोणत्या वर्षी झाले. १९४९. तिने लिहिलं १९४५. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

गुणांची बेरीज चालू असताना प्रेक्षकांना धरून ठेवायला म्हणून दहा मिनिटं एका लोलाचं भाषण असे. लोला म्हणजे आजी. त्या निवृत्त शिक्षिका, सगळ्या गावाच्याच लोला. भाषण दरवर्षी तेच. मला त्या वेळी मान खाली घालून आकडे मांडायचे असत, आणि ते मला कधी धड जमलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात लॉस बान्योसच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात जपान्यांनी परदेशी नागरिकांची छावणी केली होती. २३ फेब्रुवारी १९४५ च्या सकाळी अमेरिकी छत्रीसैनिक उतरले, फिलिपिनो गनिमी पथकं आधीच दबा धरून होती, आणि काही तासांत २,१४७ कैदी रणगाड्यासारख्या पाण्यात चालणाऱ्या गाड्यांतून लगुना सरोवरापलीकडे सुखरूप नेले. हा आकडा क्विझमध्ये तीनदा येऊन गेलाय. लोला तेव्हा अकरा वर्षांच्या. त्यांना वाटलं, आभाळात कुणीतरी धुणं वाळत घातलंय.

पण त्या तिथे थांबायच्या नाहीत. सैनिक कैद्यांना घेऊन निघून गेले, गाव मागेच राहिलं. जपानी परत आले आणि त्यांनी गावावर सूड उगवला. यानंतर लोला आकडा सांगत नसत. त्या आपल्या रस्त्यावरून चालत निघत. विहिरीजवळचं घर, मग त्यात राहणाऱ्यांची नावं. पुढचं घर, नावं. शिंप्याचं घर, नावं, आणि एक तान्हं, ज्याचं नाव अजून ठेवलं नव्हतं. बेरजेला बसले त्या पहिल्या वर्षी मला तिथली भाषा, टागालोग, येत नव्हती, नुसती नावंच कळली. वाटलं, देणगीदारांची यादी वाचताहेत. मी शांतपणे बेरीज करत राहिले. चौथ्या वर्षी सगळं कळलं. त्या वर्षी माझी बेरीज सात गुणांनी चुकली, निकाल फिरवून परत जाहीर करावा लागला, आणि कुणी मला एका शब्दाने बोललं नाही.

त्यानंतर मी ग्रंथपालबाईंकडे प्रश्न लिहून दिला, की सूडात गावचे किती लोक मारले गेले. त्यांनी दोन पुस्तकं काढून बघितली (प्रत्येक प्रश्न त्या दोन पुस्तकांत ताडून बघतच) आणि चिठ्ठी परत दिली. “पंधराशेच्या आसपास, मॅम. फळ्यावर ‘आसपास’ लिहिता येत नाही.” प्रश्न कधीच विचारला गेला नाही. लोलांचं भाषण मात्र दहाचं पंधरा मिनिटं झालं, तरी निवेदक घड्याळाकडे बघत नसत.

आता ज्यांच्याशिवाय हे झालं नसतं त्यांची आठवण. नावं लिहीत नाही, एक राहिलं तर जन्मभर लागून राहील. कोर्टवरचं पाणी पहाटे उपसणारे दोघे कूया, म्हणजे दादा. वीज गेली की दोरी ओढून जनरेटर चालू करणारे, कर्णा बांधणारे, आणि गेटवर छत्री घेऊन एकेका परीक्षकाला आणणारे गार्ड. स्टॉपवॉच धरणाऱ्या रसायनशास्त्राच्या मॅम, ज्यांनी स्वतःच्या भाच्यालाही अर्धा सेकंद जास्त दिला नाही. फळ्यांना रंग देणारे सुतारकामाचे सर. प्रमाणपत्रांवर सुरेख अक्षरात नावं घालणारी दहावीतली मुलगी, दर वर्षी नवी. खुर्च्या वाहणारे स्काउट. कँटीनमधल्या आते, म्हणजे ताई, ज्या सगळ्यांसाठी पान्सित, म्हणजे तिथल्या शेवया, करायच्या आणि माझ्यासाठी वेगळ्या कढईत, बिनमांसाचं. मी कधी सांगितलं नव्हतं, त्यांनी पहिल्याच वर्षी माझं ताट बघून ठेवलं होतं. लोलांना ट्रायसिकलने आणून सोडणारे आणि पैसे न घेणारे. माझ्या शेजारी बसून दुसरी बेरीज करणारे हिशेबनीस, सात गुणांची चूक ज्यांनी पकडली.

आणि फळे पुसायची ओली फडकी. दर प्रश्नानंतर सहा संघांना सहा स्वच्छ, पिळलेली फडकी मिळायची. ती कोण आणायचं ते काही केल्या आठवेना. परवा तिकडे फोन करून तिघांना विचारलं, तिघांनी तीन नावं सांगितली.