१६-२ झाल्यावर मी शिट्टी का वाजवते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एरवी हे उत्तर मी बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला, एक डोळा पोरांवर ठेवून देते, त्यामुळं ते कधीच पुरं होत नाही. प्रश्न असा असतो: "मॅडम, आमचा पोरगा जिंकत होता की ओ. मग मध्येच टीम कशाला फोडली? चांगलं खेळला ही काय त्याची चूक?"

चूक नाही. आणि विचारणाऱ्या आईबापाचंही काही चुकत नाही, आपल्या पोराचं मन मोडलेलं कुणाला बघवत नाही.

आमचा खेळ रविवारी सकाळी सात ते नऊ, एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर चालतो. चौथीपासून आठवीपर्यंतची मुलं-मुली येतात. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांची मॅच असली की आमच्या पोरांच्या तोंडी दुसरा विषय नसतो. बास्केटबॉल इथं धाकटं भावंड. तेव्हा रविवारची झोप मोडून जे पोर इथवर आलं, ते पुढच्या रविवारीही यावं, ही माझी पहिली धडपड. १६-२ असं दोनदा हरलेलं पोर तिसऱ्यांदा येत नाही, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता चेहऱ्यावरून ओळखते. जिंकणाऱ्यांचंही भलं होत नाही. पास बंद होतात, जो तो अर्ध्या कोर्टवरून बॉल भिरकावतो, बचावाला कुणी मागं येत नाही. खेळ तिथंच संपलेला असतो, घड्याळ तेवढं चालू असतं.

हे मी कुठल्या कोचिंगच्या वर्गात शिकले नाही, आजोबांबरोबर जत्रेतल्या कुस्त्या बघताना शिकले. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं खासबाग मैदान ज्या गावात आहे, तिथल्या माणसाला 'जोड' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. रेवड्यांवरच्या, म्हणजे बक्षिसाला रेवड्या असलेल्या, कुस्त्यांना बारकी पोरं लंगोट कसून रांगेत बसायची. पंच एकेकाचा दंड धरून उठवायचे, दुसऱ्याशेजारी उभं करायचे, वरून खाली बघायचे. अंगानं, वयानं तोलामोलाचा नसला तर कडेची माणसंच ओरडायची, "ओ, जोड लागंना! बदला!" जिंकणाऱ्याचा बापसुद्धा त्यात असायचा. दुबळ्याला चीत करून आलेल्या पोराच्या पाठीवर थाप कोण मारणार? न्याय करायचा तो कुस्तीच्या आधी. एकदा भिडले की मग ज्याचं त्यानं बघून घ्यावं.

बास्केटबॉलला मी तेवढंच लावते. पूर्वी आम्ही दोन कॅप्टन नेमायचो आणि ते एकेक नाव पुकारायचे. ते मी बंद केलं. शेवटी उरलेला मुलगा काय करतो, कधी बघितलंय? तो बुटाची नाडी सोडतो आणि परत बांधतो. नाडी सुटलेली नसते. पण खाली वाकलं की आपलं नाव कुणी घेत नाही हे बघावं लागत नाही.

आता एक मुलगा किंवा मुलगी दोन टीम पाडते आणि दुसऱ्यानं त्यातली आपली निवडायची. पाडणाऱ्याला उरलेली मिळते. घरात दोघा भावंडांत पोळी वाटताना असतं तसं: मोडायची एकानं, तुकडा आधी उचलायचा दुसऱ्यानं. काय जीव लावून वाटणी करतात! "ही उंच आहे, पण ड्रिबल येत नाही, मग तिच्याकडं तो दे." पाच-सात मिनिटं जातात त्यात, जाऊ देत.

आणि कुणी बसून राहायचं नाही. जेम्स नेस्मिथनं १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला तेव्हा त्याच्या वर्गात अठरा जण होते, म्हणून पहिला सामना नऊ-नऊ जणांचा झाला. पाच खेळणार आणि बाकीचे बाकावर, हे नंतर आलं. आमच्याकडं बारा जण आले तर दोन्ही रिंगांखाली तीन-तीनचे दोन सामने लागतात. थ्री-एक्स-थ्री टोकियोपासून ऑलिंपिकमध्येच आहे, त्यामुळं 'हे काय खरं बास्केटबॉल' असं आता कुणी म्हणत नाही. तिघांत लपायला जागा नसते. घाबरट पोराच्या हातातही बॉल येतोच.

रिंगचंही तसंच. १० फूट उंची कुणी पोरांकडं बघून ठरवलेली नाही. नेस्मिथनं पीचच्या टोपल्या व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि तो कठडा तेवढ्या उंचीवर होता. मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर आणि बॉल ५ नंबरचा असतो. आमच्या शाळेची रिंग खाली येत नाही, पण ५ नंबरचे बॉल आम्ही वर्गणी काढून घेतले. चौथीतलं पोर ७ नंबरचा मोठा बॉल पोटापासून दोन्ही हातांनी वर ढकलतं, तेव्हा ते नेम धरत नसतं, ओझं उचलत असतं.

आता टीम फोडण्याचं. सुरुवातीला मी चुकलेच. जिंकणाऱ्यांतला सगळ्यांत चांगला खेळाडू उचलून हरणाऱ्यांत टाकायची. एकदा असाच सातवीतला एक मुलगा खांबाला टेकून बसला तो उठेचना. त्याला शिक्षाच वाटली, आणि बरोबर होतं त्याचं. त्यानं कमावलेलं मी काढून घेतलं होतं. तेव्हापासून दर दहा मिनिटांचा डाव वेगळा मोजतो. जो जिंकला तो जिंकला, वहीत निकाल लागतो, कुणी पुसत नाही. डाव एकतर्फी झाला तर शिट्टी वाजवते, सगळ्यांना एका घोळक्यात बसवते आणि विचारते, जोड लागलीय का? कोण कुठं जाणार ते पोरंच ठरवतात, दोन्हीकडून किमान दोघं. नवा डाव शून्यापासून.

शालेय स्पर्धेत असं काही होत नाही, व्हायलाही नको. १४ वर्षांखालच्या संघानं तिथं जीव तोडून खेळावं आणि हरला तर हरल्यासारखं घरी यावं. त्याची तयारी इथंच होते, कारण २०-१८ च्या डावात शेवटच्या मिनिटाला पास द्यायचा की शॉट मारायचा हे १६-२ मध्ये शिकता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सहावीतल्या मुलीनं अशाच बदललेल्या टीममधून पहिली बास्केट केली. "मी टाकतो, मी टाकतो," म्हणत ती तीन रविवार नुसती हात वर करून उभी असायची. बॉल आला, बोर्डाला लागला, रिंगवर थबकला आणि आत पडला. समोरच्या टीमचा तिला अडवणारा मुलगा "लई भारी!" म्हणून ओरडला, आणि मग दोन्ही हात डोक्यावर ठेवून आपल्या टीमकडं बघत राहिला.

परवा मला पोचायला उशीर झाला. बघते तर खेळ सुरू, आणि खांबाला टेकून बसलेला तो मुलगा, आता आठवीत गेलाय, सगळ्यात बारक्या पोरांच्या टीममध्ये. मी काही विचारायच्या आत धावता धावताच म्हणाला, "मॅडम, जोड लागंना, म्हणून मीच इकडं आलो."

तो डाव ते हरले, २१-१९. पाणी प्यायला थांबायच्या आधीच त्यानं दुसऱ्या डावाची वाटणी सुरू केली होती.